विनातिकीट

पारोळ्याच्या तहसील कचेरीसमोर
पत्र्याच्या शेडमध्ये मी अर्ज लिहिते.
वारसनोंद, शिधापत्रिका, दाखला हरवल्याचं प्रतिज्ञापत्र,
बांधावर दिलेल्या शिव्यांची सभ्य भाषेतली तक्रार.
सव्वीस वर्षं झाली. टाइपरायटर गेला, प्रिंटर आला,
'सबब' तेवढं तसंच राहिलं.

झुलाल आप्पा आले ते भर दुपारी.
एस.टी.त कंडक्टर होते, अमळनेर डेपो.
डोक्यावर ओला रुमाल,
आणि ओंजळीत मोबाईल, वाऱ्यातून पणती आणावी तसा.
"ताई, हाऊ कागद छापी दे. रंगीत."

लंडनच्या कुठल्याशा सोडतीत
त्यांचा ई-मेल पत्ता निघाला होता.
पंचवीस लाख पौंड.
पत्ता नातवानं काढून दिलेला, पेन्शनच्या कामापुरता.

मी कागद वाचते तसा वाचला, वरून खाली.
जावक क्रमांक नाही.
'प्रति'च्या पुढे नाव नाही, नुसतं 'प्रिय विजेता'.
अभिनंदनातली भि दीर्घ.
सिंहाची मुद्रा बशीएवढी,
आणि त्याखाली बँकेच्या मोठ्या साहेबाचा मेल,
फुकटातला, माझ्या भाच्याचा असतो तसा.
चोवीस तासांत साडेआठ हजार, फाईल चार्ज.
तळाशी ठळक: ही बाब कोणासही सांगू नये.

सरकार कधी म्हणत नाही, कोणाला सांगू नका.
सरकार म्हणतं, तीन प्रती आणा.

"आप्पा," मी विचारलं, "तिकीट कव्हय लिधं व्हतं?"

आधी चिडले. तुला काय कळतं, म्हणाले,
इथे बसून दुसऱ्यांचे अर्ज खरडतेस.
मग गप्प.
वर पत्रा उन्हानं तडतडत होता.
तेहतीस वर्षं हाच प्रश्न त्यांनी विचारला होता,
बेटावदच्या गाडीत, धुळ्याच्या गाडीत,
झोपेचं सोंग घेतलेल्यांना,
खिडकीबाहेर फारच मन लावून बघणाऱ्यांना,
मिसरूड फुटलेल्या पोराचं वय अकरा सांगणाऱ्या आयांना.
त्यांचा अंगठा हलला,
हातात चिमटा नसताना.

"लिधंच नही."
आणि बऱ्याच वेळानं, रुमाल तोंडावरून फिरवत,
"साडेआठ परवाच दिधात."
आज बत्तीस मागितले होते, कस्टमचे.
रंगीत प्रिंट त्यासाठी हवी होती,
पतपेढीच्या मॅनेजरला दाखवायला.

एकोणीसशे तीसला फोन लावला. आधी संगीत, मग रांग, मग एक मुलगी.
मी खुणेनं सांगत होते,
मेल पुसू नका, बँकेचा मेसेज पुसू नका,
पंचनाम्याआधी कोणी जागा झाडून काढतं का?

मग पोलीस ठाण्याचा अर्ज.
'महोदय' झालं, विषय झाला.
"मना वळखीना एक माणूस, असं लिख," आप्पा म्हणाले.
"कोणले सांगू नको, ताई."
माझी बोटं थांबली.
कागदाच्या तळाशी लंडनवाल्यांनीही हेच लिहिलं होतं.
"वेबिलवर दुसऱ्याची सही चालायची का, आप्पा?"
त्यांनी माझ्या खिशातलं, म्हणजे पर्समधलं, पेन मागितलं.
सही मोठी केली, हिशेब जुळल्यावर करत असतील तशी,
खाली दोन रेघा.

पैसे अजून आलेले नाहीत.
एक तक्रार क्रमांक आला, लांबलचक.
तो त्यांनी चिठ्ठीवर उतरवून
जुन्या चामडी पाकिटात ठेवलाय, सुट्ट्या पैशांच्या कप्प्यात.

हल्ली बाजाराच्या दिवशी माझ्या बाकावर येऊन बसतात.
काल एक पोरगा आला, आयटीआयचा असावा,
मोबाईल तसाच ओंजळीत धरून.
मी चष्मा शोधेपर्यंत आप्पा उठले,
शेडच्या खांबावर किल्ली टक्‌टक् वाजवली.
"भो, तिकीट?"

पोरगा चिडला. काहीबाही बोलला, निघून चौकापर्यंत गेला.
"चिडू दे," आप्पा खाली बसत म्हणाले,
"मी बी चिडनू व्हतू.
यी परत."
मी प्रिंटरमध्ये कागद सरळ करून ठेवले.